अलगद ठेवलेला ठोकळा

मित्रांनो, माझ्या अंगावर बारीक खुणा दिसतात ना? त्या उंदराच्या नव्हेत, दुधाच्या दातांच्या आहेत. मी सरकारी विद्यापीठाच्या बालविकास विभागातला एक जुना लाकडी ठोकळा आहे.

विद्यापीठाच्या सुताराने एका मोडक्या बाकातून आम्हा दहा भावंडांना कापून काढले. घासूनपुसून झाले की तो आम्हाला एकेक करून स्वतःच्या गालावरून फिरवी. "लेकरांना टोचायला नको," म्हणे. त्याच्या दाढीचे खुंट आम्हाला टोचत, ती गोष्ट वेगळी!

मग आम्ही बाईंच्या हाती आलो. मुले कशी वाढतात, कसा विचार करतात, हे बाई शिकवीत. मुलांपुढे आम्हाला ठेवायचे आणि ती काय करतात ते विद्यार्थ्यांनी टिपायचे. बाईंचा नियम एकच होता : "दिसलं ते वहीत लिहा. वाटलं ते कॅन्टीनमध्ये बोला."

एकदा चार वर्षांची एक मुलगी आली. शाळेत ती तोंड उघडत नसे, कशाला हात लावत नसे. विभागाने चांगला अहवाल दिला तरच शाळा तिला ठेवून घेणार होती. आई बाहेर बाकावर, मांडीवर तान्हे बाळ घेऊन बसली होती.

तपासणी एका विद्यार्थिनीकडे होती. पोर हुशार, पण सदा घोड्यावर स्वार. तिने स्टॉपवॉच सुरू केले. "मनोरा कर बरं, बाळा."

मुलीने मला उचलून टेबलावर ठेवले. शेजारी दुसरा, मग तिसरा. एकावर एक काही ठेवीना. वेळ संपली. वहीत उमटले : 'मनोरा येत नाही. आकलन कमी.'

मला ओरडून सांगावेसे वाटले, अगं, घड्याळाकडे काय बघतेस, तिच्या हातांकडे बघ! ती आधी माझ्या कडेखाली बोट धरी, त्यावर मला टेकवी आणि मग बोट हळूच काढून घेई. टक् असा आवाजही झाला नाही. इतक्या अलगद मला कोणी कधी ठेवले नव्हते. पण लाकडाला कुठले आले तोंड!

बाईंनी वही वाचली. "आकलन कमी, हे तुला दिसलं कुठे?"

"बाई, दोनदा सांगितलं. ढिम्म हलली नाही."

"मग ठोकळे काय चालत गेले?"

विद्यार्थिनी गोरीमोरी झाली. बाईंनी मुलीला पुन्हा खेळू दिले आणि नुसत्या बघत राहिल्या. मग गुडघ्यांवर हात टेकत तिच्याजवळ खाली बसल्या. "घरी कोण झोपलेलं असतं गं?"

"बाळ." मला अलगद सरकवत ती पुढे म्हणाली, "काही पडलं की उठतं. मग आई रडते."

बाईंनी अंगातला स्वेटर काढून टेबलावर पसरला. "आता कर. पडला तरी आवाज नाही."

एकावर एक आम्ही दहाही चढलो. मी सगळ्यांच्या वर. मुलीने बाईंकडे पाहिले आणि मनोरा ढकलून दिला. आम्ही लोकरीत पडलो, आणि ती खदखदून हसली. इतकी मोठ्याने, की बाहेरचे बाळ दचकून उठले आणि आई धावत दाराशी आली.

विद्यार्थिनीने वहीतल्या दोन्ही ओळी खोडल्या. मुलगी त्याच शाळेत राहिली.

पुढे प्लॅस्टिकचे रंगीत संच आले, आम्ही कपाटात गेलो. बाई निवृत्त झाल्या, आणि यंदा गेल्या. त्यांची मुलगी विभागात राहिलेले त्यांचे सामान न्यायला आली. ती विद्यार्थिनी आता इथेच शिकवते. ती म्हणाली, "ताई, हे ठोकळेही न्या. बाईंची आठवण."

बाईंच्या मुलीने मला बराच वेळ हातात धरले. "नको," म्हणाली. "घरी नुसते दिसतील. इथे लागतील."

तेव्हापासून मी पुन्हा टेबलावर आहे. मित्रांनो, आम्हाला जपायचे असेल तर खुशाल पाडा. पण तुमच्या वर्गात कोणी गप्प बसलेले असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी घटकाभर त्याच्या हातांकडे बघा.