दारात पिल्लं फेकणारी पेटी

जुनी झाले, कोपरा फुटला, तरी मित्रांनो, मी मधपेटी आहे, सरपण नाही. हे आधीच सांगते, कारण एकदा मला जाळायला माणसं आली होती.

मोडक्या दाराच्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. दोन जावांच्या बागेत आम्ही पेट्या ओळीने बसलो. सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. मग गोचिडी आल्या. तांबड्या, राईएवढ्या. माशीच्या अळीच्या घरावर मेणाची टोपी बसण्याआधी त्या आत शिरायच्या आणि अळीचं अंग शोषायच्या. जावांनी पेटीपेटीत औषधाची पट्टी लावली. मला भिंतीमागे हलवलं होतं, म्हणून मला विसरल्या. माणसं विसरतात आणि वर त्याला नशीब म्हणतात.

माझ्या माश्या पटापट मेल्या. उरल्या मूठभर. त्यांना टोपीखालचं दुखणं वासावरून कळायचं. टोपी फोडून त्या आजारी पिल्लू गोचिडीसकट बाहेर फेकायच्या. पुढच्या लेकीही तशाच निपजल्या. हे शहाणपण नव्हे, मित्रांनो. ज्यांना जमलं नाही त्या मेल्या, एवढंच.

तिकडे औषधातून ज्या गोचिडी वाचल्या, त्यांच्या पिल्लांनी औषधाला भीक घातली नाही. पेट्या ओस पडल्या. दोनच उरल्या.

मग दोघी जावा माझ्याकडे आल्या. दारात पांढऱ्या पिल्लांचा सडा.

"जाऊबाई, रोगाचं माहेर सापडलं! पेटवा हिला, नाहीतर त्या दोनही जातील," धाकटी म्हणाली.

"तुला स्वयंपाकातही आधी जाळायचंच सुचतं," थोरली म्हणाली. पण काडी तिनेच काढली.

तेवढ्यात एका माशीने ओढत आणलेलं पिल्लू तिच्या चपलेवर पडलं. ती वाकली.

"थांब गं. याच्या पाठीला गोचीड आहे."

"मग मी काय वेगळं सांगतेय?"

"अगं, या मरत नाहीयेत. घर झाडतायत."

झाकण उघडलं. आत माश्याच माश्या.

"हिला तर आपण कधी काहीच दिलं नाही," धाकटी पुटपुटली.

"म्हणूनच," थोरली म्हणाली आणि काडी परत डबीत ठेवली.

माझ्या राणीमाशीची अंडी त्या दोन पेट्यांत गेली, तिथेही अशाच लेकी निपजाव्यात म्हणून. पण गोचीडही गप्प बसणार नाही, तिलाही पिल्लं आहेत. उद्या ती वास लपवेल, आणि माझ्या लेकींना पुन्हा मरत मरत शिकावं लागेल.

औषध जरूर द्या, मित्रांनो. पण कुणाच्या दारात मेलेली पिल्लं दिसली, तर आधी वाकून बघा. काडी ओढायला वाकावं लागत नाही, म्हणून तर ती आधी सुचते.