भेगेची नोंद माझ्यापाशी होती

‘वाडीवरच्या डोंगराला भेग असल्याची कोणतीही जुनी नोंद उपलब्ध नाही, सबब वाडीस धोका नाही.’ पाहणी समितीच्या अहवालातले हे वाक्य ऐकले, आणि मित्रांनो, मला स्वतःच्याच अस्तित्वाची शंका आली. कारण ती नोंद माझ्यापाशी होती.

मी एक जुना संगणक आहे. २००२ साली लोणावळ्याजवळच्या एका शाळेत आलो. भूगोलाचे शिक्षक माधवराव दर मे महिन्यात डोंगर चढत, भेगेच्या दोन्ही काठांवर ठोकलेल्या खुंट्यांमधले अंतर मोजत आणि ते माझ्यात टिपून ठेवत. पहिल्या वर्षी नऊ सेंटिमीटर. चौदाव्या वर्षी एकसष्ट. दसऱ्याला मुले मला झेंडू वाहत. पुढे माधवराव वारले, नवे संगणक आले, आणि मी फुटक्या लेझमांखाली गेलो.

त्या तक्त्याची सीडी माधवरावांनी हयातीतच समितीला दिली होती. पण त्यातली मराठी अक्षरे ज्या जुन्या फॉन्टमध्ये होती, तो फक्त माझ्यात होता. समितीच्या संगणकावर शब्दांच्या जागी वेडीवाकडी चिन्हे उमटली. आपल्याला वाचता आले नाही, म्हणजे लिहिलेलेच नाही: संशोधनाची ही पद्धत मला नवी होती.

यंदा एप्रिलमध्ये वाडीतल्या सरूबाई आणि त्यांची नात तेजल मला शोधत आल्या. तेजल नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करते. वाडी हलवायची की नाही, याची वडगावच्या तहसील कचेरीतली सुनावणी आठ दिवसांवर होती, पाऊस सहा आठवड्यांवर. सरूबाईंचे घर भेगेच्या अगदी खाली.

तेजलने कळ दाबली. मी मुका.

“उठतंय का गं ह्ये?”

“आज्जी, यातले कपॅसिटर फुगलेत. बदलावे लागतील.”

“माजं गुडगं बी फुगल्यात. त्ये कोन बदलनार?”

“आधी घर, मग गुडघे.”

त्या हसल्या; मी मात्र भ्यालो होतो. मरणाला नव्हे, अर्धवट जागे होण्याला. नोंदी साठवणारी, इतकी वर्षे न फिरलेली माझ्या पोटातली तबकडी फिरताना ओरखडली असती, तर चौदा वर्षे पुसली गेली असती, आणि अहवाल कायमचा खरा ठरला असता.

तेजलने नवे भाग डागले, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, बटणाएवढा सेल बदलला. पुन्हा कळ. तबकडी एकदा खरखरली. सरूबाईंनी नातीचा दंड घट्ट धरला. मग पडद्यावर अक्षरे आली, आणि तेजलने मोठ्याने वाचले, “भेगेची रुंदी, वाडीकडची बाजू.”

सरूबाई खालीच बसल्या. “म्हंजी मास्तर खरंच सांगत व्हता. आन् आमी त्येच्याखाली निजत व्हतो.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला भंगारात काढण्यापूर्वी तिच्या पोटात काय आहे ते पाहा. दिसूनही कळले नाही, तर जाणत्याला विचारा. एवढी काळजी घ्यायला डोंगरही चढावा लागत नाही.

वडगावच्या सुनावणीत मला टेबलावर ठेवून सुरू केले. त्याच दुपारी वाडी हलवण्याचा आदेश निघाला. ‘नोंद नाही’ असे का लिहिले, या प्रश्नाला समितीच्या सचिवांनी दिलेले उत्तर इतिवृत्तात शब्दशः आहे:

“आकडे वाचता येत होते. दर वर्षी वाढतायत, हेही दिसत होतं. कशाचे, ते कळलं नाही. माधवरावांना विचारलं असतं, तर डोंगर चढून बघावं लागलं असतं.”