सारसोळ्यातलं वाचनालय

वैशालीनं पुस्तकांचं शेवटचं खोकं सुतळीनं आवळलं आणि ते हातगाडीवर चढवायला ती वाकली. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर ऑफिसच्या दारात कुलूप हातात घेऊन उभे होते.

"वहिनी, एवढं ताणायची गरज नव्हती. सोसायटीची जागा सोसायटीच्या मेंबरांसाठी, कमिटीचं म्हणणं एवढंच."

"म्हणून तर जागा मोकळी करून देतेय," ती म्हणाली आणि गाडीवाल्याला चलण्याची खूण केली.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात, ती अमेरिकेत भावाकडे राहिली होती. व्हरमाँट राज्यातलं ते लहानसं गाव. चर्चच्या समोर शंभरेक वर्षांचं दगडी वाचनालय. लाकडाच्या गिरणीतले कामगार आणि गावातले डॉक्टर तिथे एकाच लांब टेबलाशी पेपर वाचत बसायचे. वैशाली पाहुणी, तरी पहिल्याच भेटीत तिच्या नावाचं कार्ड तयार झालं होतं. नेरुळला परतल्यावर तिनं ओळखीपाळखीच्या घरांतून पुस्तकं गोळा केली, सोसायटीचं बंद पडलेलं ऑफिस मागून घेतलं आणि वाचनालय म्हणून ती ते रोज संध्याकाळी उघडू लागली.

सोसायटीच्या फाटकाशी मासळी विकणारी राहीबाई शेजारच्या सारसोळे गावातली. एकदा ती नातीला, पुतळाला, घेऊन आली. पुतळा बारावीला होती आणि घरात भावंडांच्या गलक्यात तिचा अभ्यास होत नव्हता. आठवडाभर ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून वाचत बसली. मग वॉचमननं तिला फाटकावरच अडवलं. बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, असा कमिटीचा हुकूम होता. वैशाली मीटिंगमध्ये भांडली. पुढच्याही मीटिंगमध्ये भांडली. नंतर तिनं भांडण सोडलं आणि राहीबाईला विचारलं, "तुमच्या गावात एखादी खोली मिळेल का?"

मिळत होती. खाडीच्या अंगाला कोळ्यांची जाळी ठेवायची जुनी खोली होती, पक्क्या भिंतींची. हातगाडी तिथे पोचली तेव्हा गावचे पंच देवजी चार माणसांसह ओट्यावर बसले होते.

"जागा देतो, बाय," देवजी म्हणाले. "लाईट पन वढून देतो. पन येक सांगतो. बिल्डिंगवाल्यांना हितं पाय ठेवू देनार नाय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. राहीबाईच्या मागे पुतळा वह्या छातीशी धरून उभी होती. वैशालीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं, आणि खरं तर तिच्याही मनात तेच होतं. तिनं पदराला हात पुसले.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाय?"

"ज्याला वाचायचंय त्याला बसता आलं पाहिजे. त्यांनाही."

"आमच्या पोरीला त्यांनी दारातून परत धाडली."

"म्हणून मी तिथून निघाले. इथेही दारात माणसं अडवणार असाल, तर इथूनही निघेन."

"मंग नेशाल कुठं हे सगलं?"

"ते अजून ठरवलं नाही."

वैशालीनं नुकतंच उतरवलेलं खोकं परत उचललं आणि गाडीवर ठेवलं. दुसरं उचलायला वळली तर राहीबाई त्यावर बसली होती.

"उठा ना, राहीबाई."

"मी नाय उठत." तिनं पाय पसरले आणि देवजींकडे रोखून पाहिलं. "बग तू काय ते."

देवजी गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि खिडकीजवळचं जाळ्यांचं ओझं ओढून त्यांनी पलीकडच्या भिंतीला लावलं. धूळ उडाली.

"उजेड ह्या अंगानं येतो," आतूनच ते म्हणाले. "टेबल हितं टाका. लांब असंल तर बरा, सगली बसतील."