न कळवता आलेली माणसं

"ज्या देशाचं मीठ खायचं, त्या देशाची शिस्त अंगात मुरवायची. बाकीचं सगळं विमानतळावरच सोडून यायचं!"

हे उद्गार बेकिरने काढले ते स्वीडनमधल्या वेस्तेरोस गावी, आपल्या फ्लॅटच्या दारात, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात उभं राहून. श्रोते म्हणजे जिन्यात खोळंबलेलं त्याचं सासर: मेहुणा नुरेत्तिन, त्याची बायको, पोरं आणि गरम बोरेकचं, म्हणजे सारण भरलेल्या पापुद्र्यांच्या वड्यांचं, भलंमोठं ताट.

"इथे माणसं आधी कळवून येतात," बेकिर म्हणाला.

"दाजी, सख्ख्या बहिणीकडे यायला अपॉइंटमेंट?"

"दाताच्या डॉक्टरकडे घेतोस ना?"

ताट आलं तसं खाली गेलं. आत बेकिरच्या बायकोने, गुलिझारने, आवाज ऐकून टेबलावर बशा मांडल्या होत्या, त्या तिने एकेक करून परत कपाटात ठेवल्या.

त्यानंतर त्या घरी न कळवता कोणी आलं नाही. कळवूनही फारसं नाही. बेकिरला याचा अभिमान होता. गुलिझार दर गुरुवारी सकाळी तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीत जायची. बाहेरच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर ज्या वेळेपुढे ज्याचं छोटं कुलूप, त्याची ती पाळी. ती गेली की दुपारपर्यंत वर येत नसे.

"दोन माणसांचे कपडे ते किती?" बेकिर विचारायचा.

"धुतलेलेच परत धुते," ती म्हणायची. "तिथे येता-जाता कोणीतरी दिसतं."

मग एका हिवाळ्यात गुलिझार हृदय बंद पडून गेली. दफन झालं. कबरस्तानात नुरेत्तिन आला, दाजींचा हात हातात घेऊन उभा राहिला आणि तिथूनच आपल्या घरी गेला. घरी या असं कोणी त्याला म्हटलं नव्हतं.

बेकिर घरी येऊन बसला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की विमानतळावर सोडलेलं सामान आपल्या मागोमाग कधीच घरात येऊन पडलंय. मायदेशातल्या त्याच्या गावच्या रीतीप्रमाणे दुखवट्याच्या घरात शेगडी पेटत नाही. जेवण शेजारपाजार आणतो, दार उघडं असतं, उंबऱ्यात चपलांचा ढीग पडतो. बेकिरचा हात शेगडीकडे जाईना. त्याने तळघरातून जास्तीच्या खुर्च्या वर आणल्या, पाहुण्यांसाठी सपाता ओळीने मांडल्या, चहाचे पेले ट्रेमध्ये उपडे घातले, आणि दाराकडे तोंड करून बसला. भूक लागली की डब्यातला हेरिंग मासा तसाच गार खायचा. तेवढी स्वीडिश शिस्त मात्र अंगात पुरती मुरली होती.

जिन्यात पावलं वाजायची, दारापाशी मंदावायची आणि पुढे जायची.

नुरेत्तिनचा फोन आला. "दाजी, यायचं होतं. कधी जमेल तुम्हाला?"

चिडवतोय की विचारतोय, ते बेकिरला कळेना. 'आत्ता ये' एवढंच म्हणायचं होतं. पण दुखवट्याच्या घराने काय आमंत्रणं द्यायची? लोकांनी आपणहून यायचं असतं.

"कळवतो," तो म्हणाला.

"बरं, दाजी. वाट पाहतो," नुरेत्तिन म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती, आणि तेच बेकिरला झोंबलं.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. बेकिर धडपडत उठला, सदरा नीट केला आणि सपातांचा एक जोड पायाने पुढे सरकवला. दारात वरच्या मजल्यावरची गुन्नेल उभी होती. हात मोकळेच.

"तुमच्या बायकोचं कळलं. फार वाईट झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "इतके दिवस मुद्दामच आले नाही. म्हटलं, उगाच त्रास नको."

"या ना, आत या. चहा टाकतो." शेगडी पेटवायची नाही, हे तो त्या क्षणी विसरला.

"नको, नको. न कळवता आलेय, बसत नाही." ती पायपुसण्यावरच थांबली. "एक बारीकसं काम होतं. खालच्या फळ्यावर गुरुवार सकाळपुढे अजून तिचंच कुलूप आहे. तुम्हाला ती पाळी लागणार नसेल, तर तेवढं काढून घ्याल का?"