उसाच्या खोक्यातला ताल

भाद्रपदाचे ऊन. पिवळे, ओलसर, केतकीच्या पानाआडून सांडल्यासारखे. शास्त्री नदीच्या काठी भात पोटरीला आलेले, आणि वाऱ्याची एकेक झुळूक त्यावरून हात फिरवीत समुद्राकडे निघालेली. त्या झुळकीमागे पाहता पाहता वामननानांना पुन्हा ते पत्र आठवले. वैशाखात आलेले. उत्तर न दिलेले.

मॉरिशसहून आले होते. जपून काढलेल्या, गोलसर देवनागरीत. सोबत एक कॅसेट.

‘आमचे पणजोबा रत्नागिरीकडून इथे उसाच्या मळ्यांत आले. त्यांची जाखडी आम्ही अजून नाचतो. झांजा मात्र कधीच हरवल्या. त्यांच्या जागी इथल्या आफ्रिकी शेजाऱ्यांचा खोका आला: उसाच्या तुऱ्यांच्या दांड्यांचा, आत बिया भरलेला, हलवून वाजवायचा. इथले आमचे मराठी मंडळ म्हणते, हे अस्सल नव्हे. दिवाळीनंतर खोका बंद. तो माझे वडील वाजवतात. खोका उठला की तेही नाचातून उठतील. तुम्ही जाखडीवर लिहिले आहे. आमचे चुकते का, तेवढे कळवा. देवयानी महादू.’

नानांनी जाखडीवर लिहिले होते खरे. पण तालुक्याच्या ग्रंथालयात बसून, कपाटांच्या सावलीत, चार पुस्तकांच्या आधाराने. उभ्या जन्मात रिंगणात पाय टाकला नव्हता. मी कोण सांगणारा? या प्रश्नापाशी लेखणी थांबे, आणि थांबलेलीच राही.

तरी कॅसेट ते रोज ऐकत. मृदंगाचा सावळा, मातीगंध घुमारा. त्यावर त्या खोक्याची सळसळ. फेसाची सळसळ, ऊसपात्यांची सळसळ, कुणा अनोळखी अरण्याची सळसळ. ओळखीच्या गाण्याला हा अनोळखी श्वास कुठून लागला? ऐकता ऐकता त्यांचे म्हातारे डोळे मुलासारखे विस्फारत.

गणपती दोन दिवसांवर आले. तिसऱ्या प्रहरी भिकाजी गोताड शाहिरांच्या अंगणात सराव रंगला होता. मध्ये शाहीर आणि मृदंग, भोवती नाचणाऱ्यांचे कडे. प्रत्येकाच्या एकाच पायात घुंगरांचा चाळ. नाना टेपरेकॉर्डर पोटाशी धरून अंगणाच्या कडेला, पेळेवर उभे राहिले.

“शाहीर, एक ऐकवू का? म्हणजे... सवड असली तर.”

“ऐकवा की ओ नाना! तुमी कदी काय मागता?”

कळ दबली. सळसळ अंगणभर सांडली.

“ह्ये काय ओ, कुळीथ पाखडतायत?” रघू ओरडला, आणि कडे खदखदले.

नानांचे कान तापले. बोट कळीकडे गेले.

“ऱ्हाऊ द्या,” शाहीर म्हणाले. “गानं आपलं हाय. पन डुलतंय कसं, बगा.”

मृदंगावरचा बाबू साथ करू गेला आणि चुकला. पुन्हा चुकला. मग त्याने डोळे मिटले, खांदे सैल सोडले. थाप झुलली, आणि सळसळीच्या कुशीत जाऊन बसली. एक चाळ वाजला. दुसरा वाजला. बघता बघता अवघे कडे हलले: तांबूस, घामेजले, घुंगुरघन कडे, उन्हात होडीसारखे हेलकावे घेणारे.

“चुकतं का हो त्यांचं?” पत्रातली मंडळाची गोष्ट सांगून नानांनी चाचरत विचारले.

“मला काय इचारता? या आत.” शाहिरांनी त्यांचा हात धरून ओढलेच. “पायांना इचारा.”

“अहो, मला येत नाही...”

“आमाला तरी ह्ये कुटं येत व्हतं, घटकेआदी?”

चष्मा सावरीत नाना शिरले. अडखळले. रघूच्या पायावर पडले. “नानानूं, माजा पाय मंडळाचा न्हाय!” रघू कळवळला, आणि त्या हशात नानाही पहिल्यांदा हसले. मग कधीतरी, कुणी न शिकवता, त्यांचा पाय त्या सळसळीवर अलगद पडला. उचलला गेला. पुन्हा तिथेच पडला. अंगावर काटा फुलला, शुभ्र, बारीक, तुऱ्यावर आलेल्या उसासारखा.

त्याच संध्याकाळी त्यांनी लिहिले, एकही खाडाखोड न करता:

‘चि. देवयानी, खोका काढून टाकू नका. वडिलांना म्हणावे, बसून राहा. हे कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः त्यावर नाचलो आहे.’

सकाळी ते पत्र टपालपेटीत पडले. नाना घरची पाखाडी उतरू लागले. गुडघा ठणकत होता, पायऱ्या ओल्या होत्या, आणि पाऊल काही केल्या सरळ पडेना. एक पायरी, एक झोका, एक पायरी, एक झोका, खाली नदी, पलीकडे खाडी, त्यापलीकडे निळे, निळे, झुलणारे पाणी.