खिशात हात घातलेलं राज्य

"सर, या राज्यात थंडी पडलीय का?" संपादिकेने विचारलं.

चित्रकाराने नुकतीच आपली चित्रं तिच्या टेबलावर ओळीने मांडली होती. तो समोरच्या खुर्चीत टेकला. "म्हणजे?"

"म्हणजे हे बघा. राजाचे हात खिशात. सेनापतीचे दोन्ही हात ढालीमागे, मग तलवार कुणी धरलीय? प्रधान पाठीमागे हात बांधून उभा. चेटकीण फाटकाच्या आड, नुसती खांद्यापर्यंत. आणि इथे तर सगळे नदीत पोहतायत. फक्त मुंडकी वर."

"पोहताना मुंडकीच वर असतात."

"सर, त्या प्रकरणात कुणी पोहत नाही. सगळे काठावर बसून जाळं विणतात."

खिडकीपाशी लेखिकाबाई चहात बिस्किट बुडवत बसल्या होत्या. ते मोडून पडायच्या आत त्यांनी तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "विणून झाल्यावर पोहायला गेले असतील. मीच लिहायचं विसरले असेन."

बाईंची ही कादंबरी घराघरांत होती. लहानपणी ज्यांनी वाचली त्यांनी ती आपल्या मुलांनाही वाचून दाखवली होती. त्यातल्या चेटकिणीला एकही मंत्र पाठ होत नाही. म्हणायला जावं तर मधेच विसरते. म्हणून ती सगळी जादू हातांनी करते. गाठी मारते, गाठी सोडवते, पीठ मळते, ड्रॅगनच्या फाटक्या पंखाला ठिगळ लावते. अशा कादंबरीला चित्रं काढायची म्हणजे मुख्य काम हातांचं. ती चित्रं पहिल्या भागापासून याच चित्रकाराने काढली होती. साधा टाक, काळी शाई, बारीक रेघा. त्याच्या ड्रॅगनला पोट होतं. त्याच्या चेटकिणीच्या झग्याला खिसा होता आणि खिशातून चमचा डोकावायचा. लोकांना वाटायचं, चेटकीण असायची तर अशीच असणार.

आता बऱ्याच वर्षांनी बाईंनी शेवटचा भाग लिहिला होता. प्रकाशनाच्या मालकांना सगळे भाग एकदम, एकाच धाटणीच्या चित्रांनी सजवून काढायचे होते. चित्रकाराची नवी चित्रं पसंत पडली तर जुनीही राहणार होती. नाही पडली तर पहिल्या भागापासून सगळं एका नव्या चित्रकाराला द्यायचं ठरलं होतं. त्याचे नमुने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन पडलेच होते. सोमवारी मालक दोन्ही बघणार होते.

नवा माणूस वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. त्याच्या चिलखतात बघून दाढी करता आली असती. ढग असे काढले होते की आता गडगडतील असं वाटावं. एखाद्या लढाईच्या कादंबरीला ती चित्रं शोभून दिसली असती. पण त्याच्या चेटकिणीचे केस वारा नसताना उडत होते, नखं बोटभर लांब होती आणि बोटांतून निळा उजेड निघत होता. त्याचा ड्रॅगन रोज व्यायामशाळेत जात असावा.

बाईंनी चष्मा वर करून तो नमुना पाहिला. "छान आहे हो. कुणाच्या पुस्तकातला?"

"बाई, तुमच्याच."

"माझी चेटकीण भांडी घासते. ही एक ताट घासेल आणि नख मोडलं म्हणून गावभर रडेल. आणि या ड्रॅगनचं पोट कुठे गेलं? माझा ड्रॅगन पोटामुळे गुहेच्या दारात अडकतो, त्यावर तर अख्खा तिसरा भाग उभा आहे!"

चित्रकाराला हसू आलं. बाईंनी ते बरोबर टिपलं.

"तुम्ही हसू नका. त्याच्या चेटकिणीला निदान हात तरी आहेत."

चित्रकाराचं हसू मावळलं. त्याने चित्रं गोळा केली, फाइलीत घातली आणि सोमवारी येतो म्हणून उठला. तो दाराशी पोचला तेव्हा बाई मागून हळूच म्हणाल्या, "मला कारण माहीत नाही असं समजू नका. पण माझ्या चेटकिणीला हात लागतात हो. दुसरं काहीच नाही तिच्याकडे."

कारण सरळ होतं. या कादंबरीतले सगळे हात त्याच्या बायकोचे होते.

ती असताना हातांचा प्रश्नच आला नाही. तो हाक मारायचा, ती ओले हात पुसत स्वयंपाकघरातून यायची. "आज काय धरू?" तो म्हणायचा, तलवार. ती कालथा धरून उभी राहायची. "आटपा लवकर, कांदा करपेल." राजाचे हात तिचे, प्रधानाचे तिचे, तुरुंगाच्या पहारेकऱ्याचे तिचे. राक्षसाचेही तिचेच, वरून थोडे केस. "राक्षसाला माझे हात दिलेत," ती म्हणायची, "आणि तोंड तुमचं. लोकांनी ओळखलं म्हणजे कळेल."

चित्र पुरं झालं की ती मागे येऊन उभी राहायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "बोटं जाड काढलीत." दर वेळी हेच. म्हणजे चित्र पास. एकदा ती काहीच न बोलता निघून गेली, तर त्याने ते चित्र फाडून टाकलं होतं.

तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी एक चट्टा होता. घरातल्या किटलीचा दांडा सैल होता. ती उचलली की दांडा गरकन फिरायचा आणि वाफ नेमकी त्याच जागी लागायची. नवी किटली आणू म्हटलं की ती उखडायची. हिच्यासारखा चहा दुसरीत होत नाही, म्हणे. तर तो चट्टा चित्रकाराने पहिल्याच भागात चेटकिणीच्या हातावर काढून टाकला, दिसला तसा. मुलांनी बाईंना पत्रं पाठवून भंडावून सोडलं की ही खूण कसली. शेवटी बाईंनी दुसऱ्या भागात एक प्रकरण लिहिलं. पिल्लू ड्रॅगनने पहिला श्वास सोडला तो चेटकिणीने तळहातावर झेलला, त्याची ती खूण. ते प्रकरण वाचून मोठी माणसंसुद्धा डोळे पुसायची. बाई चित्रकाराला भेटल्या की म्हणायच्या, "तुमच्या घरातल्या किटलीपायी मी रात्री जागवल्यात!"

बायको जाऊन आता वर्ष होऊन गेलं होतं. तिचे हात तो विसरला नव्हता. डोळे मिटूनही काढू शकला असता. पण हात काढून झाला की तो सवयीने थांबायचा. मागून कुणी येत नसे. बोटं जाड आहेत असं कुणी म्हणत नसे. असं दोन-चारदा झाल्यावर त्याने राजाला खिसे काढले. मग प्रधानाचे हात पाठीमागे बांधले. मग सगळं राज्यच खिशात हात घालून हिंडू लागलं.

शनिवारी दुपारी मेहुणी आली. बायकोची ही धाकटी बहीण दर शनिवारी यायची, त्याचं घर तपासायची आणि काहीतरी बोलून जायची. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होती, त्यामुळे तिला समोर कुणीतरी चुकलेलं लागायचं.

"भावोजी, पडदे कधी धुतले होते?"

"धुतो."

"कधी धुतले विचारलं, धुणार का असं नाही विचारलं. आणि तोंड का असं पाडलंय?"

त्याने सगळं सांगितलं. तिने चित्रं एकेक करून पाहिली. नदीचं चित्र आलं तेव्हा ती तोंडावर हात धरून हसली. मग गंभीर झाली.

"म्हणजे हे नापास झालं तर ताईचे जुने हातही जाणार?"

"सगळे."

"मग माझे घ्या की! एकाच आईच्या पोटच्या आहोत आम्ही."

तिने खुर्ची ओढली आणि हात पुढे केले. शेवटच्या भागात ड्रॅगन म्हातारा झालेला असतो, त्याच्या दाढीत गुंता झालेला असतो आणि चेटकीण तो बोटांनी सोडवते. चित्रकाराने मेहुणीला लोकरीचा गुंडा दिला आणि कामाला लागला. पण मेहुणीचे हात एका जागी राहीनात. ती बोलायची तशी बोटं चालायची. शेजारणीबद्दल बोलली तेव्हा तर्जनी वर आली, पडद्यांबद्दल पुन्हा बोलली तेव्हा ती चित्रकारावर रोखली गेली. तासाभराने चित्र झालं. मेहुणीने ते हातात घेतलं.

"ही गुंता सोडवतेय?"

"नाही."

"ही तर त्या ड्रॅगनला वर्गाबाहेर उभं करतेय."

"मला वाटलं, त्याच्या पालकांना बोलावणं पाठवतेय."

दोघंही हसले. मग चित्रकार चहा करायला उठला. किटली त्याने नेहमीसारखी डाव्या हाताने उचलली. उजवा हात टाक धरायचा, तो गॅसपासून लांब ठेवायची त्याची जुनी सवय. दांडा गरकन फिरला आणि वाफ अंगठ्याच्या मुळाशी लागली.

"मेली दावा धरून बसलीय!" तो ओरडला.

मेहुणी स्वयंपाकघरात धावत आली ती दारातच थांबली. "ताई असंच म्हणायची."

"मला ठाऊक आहे कोण म्हणायचं."

तिने त्याचा हात ओढून नळाखाली धरला. पाणी पडत होतं आणि ती तो हात बघत होती. नव्या लाल डागाखाली जुने डाग होते, एकावर एक. तर्जनीवर सुरीच्या बारीक खुणा होत्या, कांदा चिरताना झालेल्या. साबणाने कातडी खरबरीत झाली होती.

"ही किटली टाकून का देत नाही?"

"तिने टाकू दिली नाही."

"आता कोण अडवतंय?"

चित्रकार हाताकडे बघत होता. वर्षभर रोज तो तिची कामं करत होता, तिच्या किटलीने, तिच्या सुरीने, तिच्या ओट्यापाशी. हात त्या कामांना सरावले होते आणि त्याने एकदाही ते नीट पाहिले नव्हते. चित्रं काढायच्या वेळी तर खिशात घालून बसला होता.

"कपाटाचा आरसा निघतो का बघ," तो म्हणाला.

"आता आरसा कशाला? मलम कुठे आहे?"

"मलम नंतर. आधी आरसा."

आरसा निघाला. तो टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. चित्रकाराने डावा हात लोकरीच्या गुंत्यात घातला आणि आरशात पाहिलं. आरशात तो उजवा हात झाला होता. अंगठ्याच्या मुळाशी चट्टा, बरोबर जिथे असायचा तिथेच. मग त्याने टाक शाईत बुडवला.

रविवारभर तो काढत राहिला. राजाचे हात खिशातून बाहेर आले. सेनापतीला तलवार मिळाली. चेटकीण फाटकाच्या अलीकडे आली आणि ड्रॅगनच्या दाढीशी बसली. फक्त नदीच्या चित्राला वेळ पुरला नाही.

सोमवारी मालकांनी चित्रं पाहिली. मालक कमी बोलायचे. त्यांनी दोन्ही चित्रकारांचे कागद शेजारी शेजारी ठेवले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आतली चित्रं हीच राहतील, सगळ्या भागांत. पण मुखपृष्ठं त्या नव्याची. दुकानात नजर खेचतात."

"चालेल," बाई म्हणाल्या, "पण ड्रॅगनला पोट काढायला सांगा. आणि तिची नखं कापायला."

मालक गेले. संपादिकेने सुटकेचा श्वास सोडला आणि नदीचं चित्र बाजूला काढलं. "हे मात्र बसत नाही हं, सर."

"राहू दे ते," बाई म्हणाल्या. "सगळे पोहायला जातात असा एक परिच्छेद टाकते मी. मजकूर चित्रामागे धावायची सवय आहे मला."

"बाई, मजकूर उद्या छापायला जायचाय!"

"मग आज लिहिते."

बोलता बोलता बाईंनी दाढीचं चित्र हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. मान तिरकी केली.

"चेटकिणीची बोटं जरा जाड झालीत का हो?"

चित्रकार खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर एक भिंत होती. बाईंनी त्याला भिंत बघू दिली आणि दुसरं बिस्किट घेतलं.

"हो," तो शेवटी म्हणाला. "वय झालं तिचं."

तो जिना उतरत होता तेव्हा मेहुणीचा फोन आला. "काय झालं? नीट सांगा, पहिल्यापासून."

"बाई म्हणाल्या, बोटं जाड झालीत."

पलीकडे तिने जोरात नाक ओढलं आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "मग पास. आता घरी जा आणि पडदे धुवा."