जयगडच्या खाडीचा नकाशा

गारखेड्यातल्या घरात वैजनाथनं कोकण किनाऱ्याचे जुने नकाशे जमवले होते. त्यातला जयगडच्या खाडीचा नकाशा म्हणजे त्याचा जीव की प्राण. पाण्याची खोली दाखवणारे त्यावरचे आकडे कुण्या खलाशानं शाईनं लिहिलेले. त्याला ओल लागेल, कसर खाईल, या धास्तीनं वैजनाथ झुरायचा.

धाकट्या श्रीरंगला ते बघवेना. त्यानं गुपचूप शहागंजात जाऊन नकाशा मार्कशीटसारखा लॅमिनेट करून आणला आणि हसत दादापुढं धरला.

वैजनाथनं कोपरा चाचपला. प्लॅस्टिक सोलायचं तर शाईसकट कागद निघाला असता. त्याचं टाळकंच सरकलं.

"हरामखोरा, त्यापेक्षा जाळायचा होता!"

टेबलावरची पितळी दुर्बीण त्यानं भावाच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड कडकन मोडलं. श्रीरंग टेबलावर कोसळला, तरी हात थांबेना. रक्त नकाशावर सांडलं, तेव्हा कुठं वैजनाथ भानावर आला. दुर्बीण फेकून त्यानं रुमाल काढला आणि आधी नकाशा पुसला. नकाशा लख्ख झाला. एकही आकडा फिसकटला नव्हता.

फुटल्या ओठांनी श्रीरंग पुटपुटला, "त्याच्यासाठीच तर केलं होतं, दादा."